जावयाचं अर्थिंग

आमच्या घरात आजवर इलेक्ट्रिशियनला एक रुपया गेलेला नाही, ही गोष्ट माझ्या सासूबाई धुरपदाबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात. "हाई सगळं घर आम्हना जवाईनी फिट करेल शे. एक रुप्या लिधा नही त्यानी." पाहुणे मान वर करून पंख्याकडे बघतात. पंखा फिरत असतो आणि फिरता फिरता बऱ्यापैकी हलतही असतो. पाहुणे हळूच खुर्ची बाजूला सरकवतात आणि "वा वा" म्हणतात.

जावई म्हणजे माझ्या नणंदेचा, सुषमाताईंचा नवरा योगेंद्र. इच्छापोरच्या एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर आहेत. त्यांच्या तोंडून ऐकावं तर तो अख्खा कारखाना त्यांच्या पक्कडीवर चालतो. सुषमाताई एकदा भाजी निवडता निवडता बोलून गेल्या की ते केबलची भेंडोळी इकडून तिकडे ओढतात. आय.टी.आय. मध्येच सोडलेलं. पण जावई.

पर्वत पाटियाच्या पुढे आम्ही कर्ज काढून हे रो-हाऊस घेतलं, तेव्हा मी म्हटलं होतं की दोन-तीन इलेक्ट्रिशियन बोलावू, भाव काढू आणि बरा वाटेल त्याला काम देऊ. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरात स्वयंपाक होत असताना खाणावळीत जेवायला निघाले होते. माझा नवरा कुंदन म्हणाला, "दाजींना काय वाटेल?"

दाजींना काय वाटेल यावर आमचं घर उभं आहे. आमच्याकडे जावयाला कामाचे पैसे देता येत नाहीत, तो अपमान. तो काम करत असताना जवळ उभं राहून बघता येत नाही, तोही अपमान. काम कधी संपेल असं विचारलं तर मग बघायलाच नको. तेव्हा योगेंद्रभाऊजी रविवारी येत. बायको-मुलांसकट येत. वरण-बट्टी होई, तूप सढळ असे, मग दुपारची झोप होई, मग चहा, आणि चहानंतर दोन बटणं बसत. असे किती रविवार गेले ते मी मोजलं नाही, मोजलं असतं तर मला माहेरी जावंसं वाटलं असतं. काम संपल्यावर त्यांना पूर्ण पोशाख केला, घड्याळ घेतलं, सुषमाताईंना साडी, मुलांना कपडे, आणि वर एक पाकीट. ते पैसे नव्हेत बरं का, आहेर.

"बाहेरचा माणूस याच्या निम्म्यात झाला असता," मी कुंदनला म्हटलं.

"प्रश्न पैशाचा नसतो गं."

प्रश्न पैशाचा नाही असं या घरात कोणी म्हणालं की समजावं, पैसे गेलेले आहेत.

थंडी पडायला लागली आणि फ्रिज झिणझिणायला लागला. सकाळी ओल्या हाताने दार उघडलं की बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या. मी कुंदनला सांगितलं. त्याने रात्री जेवण झाल्यावर दाराला हात लावला आणि "काही नाही" म्हणाला. मी म्हटलं, सकाळी लाव. सकाळी लावला, चटकन मागे घेतला आणि बनियनला पुसला.

"स्टॅटिक आहे. आमच्या मार्केटमध्ये सिंथेटिक साड्यांच्या ढिगात हात घातला की असंच होतं."

"मग आपल्या फ्रिजने साडी नेसली आहे का?"

कुंदन साडीच्या दुकानात डिस्पॅच बघतो. घडीच्या आत दडलेला डाग हा माणूस गठ्ठा न उघडता ओळखतो. त्याच माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात करंट ओळखता येत नव्हता, कारण तो करंट दाजींचा होता.

सासूबाईंनी वाद घातलाच नाही. त्यांनी रबराच्या जुन्या चपलांचा एक जोड आणून फ्रिजसमोर ठेवला. मी बघतच राहिले. ओवीला, माझ्या मुलीला, दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी टाके दुखत असताना मी चुकून चपलेसकट स्वयंपाकघरात पाऊल टाकलं होतं, तर याच बाईंनी मागे फिरायला लावलं होतं. देव आहेत आत, म्हणून. आता त्याच देवांच्या समोर चपला. फ्रिजला शॉक लागतो हे कबूल नाही, पण चपला घालून उघडायचा हे सगळ्यांना कबूल. दोन-चार दिवसांत घरच्यांना त्याची सवयही झाली. मनुष्यप्राणी काय काय अंगवळणी पाडून घेतो हे बघायचं असेल तर जावई असलेल्या घरात राहावं.

ओवी दीड वर्षाची. तिला चपला घालण्याचा नियम कोण समजावणार? ती अनवाणी दुडदुडत जाते, फ्रिजला गाल लावून उभी राहते, गार लागतो म्हणून हसते. मी सकाळभर तिच्या मागे. पोळी तव्यावर करपते आणि मी ओवीला कमरेला धरून ओढत असते. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती की हे फक्त सकाळीच होतं. कुंदन अंघोळ करून बाहेर पडला की फ्रिज शहाणा होतो. घरात हे सांगितलं तेव्हा कुंदन हसला. "फ्रिज मला घाबरतो म्हण की." सासूबाई म्हणाल्या, "तू केमिस्ट्रीवाली ना व? मंग करंटमा कसाले पडस?" मी अमळनेरला बी.एस्सी. केलं ते त्यांना फक्त असा टोला मारायच्या वेळी आठवतं.

याच सुमारास आमची तुळस जागृत झाली.

दारापुढच्या ओट्यावर सिमेंटच्या कुंडीत तुळस आहे. सासूबाई सकाळी अंघोळ करून, ओल्या केसांनी, अनवाणी तिला पाणी घालतात आणि मातीला हात लावून नमस्कार करतात. तुळशीचं लग्न झालं त्यानंतरच्या आठवड्यात त्या लगबगीने आत आल्या. चेहरा उजळलेला. "जयश्री, तुळशीमा सत व्हयनं! हात लावा ते अंग कसं शहारस, ये देख." त्यांनी शेजारच्या इंदुबाईंनाही बोलावलं. इंदुबाई मराठवाड्याकडच्या, त्यांचे यजमान कापडाच्या लूमवर कामाला. इंदुबाईंनी हात लावला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "काय की माय, मला बी झिणझिण झालं. साक्षात हाय." मग आमच्या ओट्यावर हळदी-कुंकवाच्या पुड्या वाढल्या. गल्लीतल्या बायका पाणी घालून जाऊ लागल्या.

मी स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होते. एका घरात एकाच वेळी फ्रिज आणि तुळस दोघांनाही सत चढावं, हा योगायोग मला पटत नव्हता. पण बोलले नाही. देवाच्या बाबतीत बोलणाऱ्या सुनेचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

मग एका सकाळी सासूबाई ओवीला कडेवर घेऊन ओट्यावर गेल्या. मी कुकर लावत होते. ओवीची किंकाळी ऐकू आली. तिचं हट्टाचं, पडल्याचं, भुकेचं रडणं मी ओळखते. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. मी धावले. सासूबाईंनी तिचा हात धरून ओल्या मातीला लावला होता. ओवी हात छातीशी गच्च धरून, श्वास अडकून, निळी-लाल झाली होती.

"काही नही व, तुळसाआईनी हात धरा तिना," सासूबाई म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता.

मी पोरीला हिसकावून घेतलं. त्या दिवशी दुपारपर्यंत मी तिला खाली ठेवलं नाही. कुंदनला फोन केला आणि म्हटलं, आज इलेक्ट्रिशियन बोलाव, नाहीतर मी बोलावते.

"आधी दाजींना दाखवू. त्यांचं काम आहे, त्यांना न विचारता दुसऱ्याला हात लावू दिला तर..."

"तर काय?"

"तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. ओवीच्या बारशाला जेवणाचं ताट योगेंद्रभाऊजींच्या आधी कुंदनच्या शेठना वाढलं गेलं. भाऊजी पाणीही न पिता उठले आणि सुषमाताईंना दोन पिशव्यांसकट इथेच टाकून गेले. त्या दिवाळीपर्यंत इथे होत्या. कोणाशी बोलत नसत, भांडी मात्र घासलेलीच परत घासत. शेवटी कुंदनने जाऊन पाय धरले तेव्हा साहेब न्यायला आले.

रविवारी भाऊजी आले. वरण-बट्टी झाली. मग खिशातून टेस्टर काढून त्यांनी फ्रिजच्या दाराला लावला. दिवा लागला नाही. लागणार कसा, दुपारचे दोन वाजले होते.

"वहिनी, तुम्ही हिमोग्लोबिन चेक करून घ्या. बाळंतपणानंतर लेडीज लोकांना मुंग्या येतात," भाऊजी म्हणाले. कुंदन हसला. हसलाच, मी पाहिलं.

"आणि ओवीला पण हिमोग्लोबिनच का?"

"लहान पोरं रडतातच. आम्ही तिकडं केवढ्या व्होल्टेजवर काम करतो, हे काहीच नाही." मग सासूबाईंकडे वळून एकदम गंभीर झाले. "फक्त मामी, तुळशीला पाणी जास्त घालत जा. थंडीत माती सुकते. दिवसातून दोन-तीनदा. सुकू द्यायची नाही."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा शिकलेला, कारखान्यातला माणूस आणि तुळशीची किती काळजी!

जेवण जड झालं म्हणून भाऊजींना थंड पाणी हवं होतं. "बसा, मी देते," मी म्हटलं, पण ते उठलेच होते. ते फ्रिजपाशी गेले आणि दाराला हात लावण्याआधी खाली न बघता, सरावल्यासारखे, त्यांनी त्या चपलांत पाय सरकवले.

इतरांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्यांना दिसलं नसतं. मला दिसलं. या माणसाला माहीत होतं. माझ्या मुलीला शॉक बसतो हे त्याला पक्कं माहीत होतं आणि तो मला हिमोग्लोबिन सांगत होता.

सोमवारी मी भाव काढायला बसले. आमच्या रो-हाऊसच्या ग्रुपवर विचारलं: घरातलं अर्थिंग तपासून दुरुस्त करायला इलेक्ट्रिशियन किती घेतात? एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकाने सूर्योदय. तिघा पुरुषांनी आपापला माणूस सुचवला, "घरचाच आहे, पैशाचं बघून घेऊ." पैशाचं कोणी कसं बघतं ते मी बघितलेलं होतं. आकडा एकानेही सांगितला नाही. आपल्या लोकांना पगार आणि इलेक्ट्रिशियनचे पैसे, दोन्ही सांगायची लाज वाटते. पगार कमी असतो म्हणून, आणि पैसे जास्त गेलेले असतात म्हणून.

मग फोन केले. पहिला म्हणाला, "जोया पछी कहीश, बेन," म्हणजे बघितल्यावर सांगेन. बघायला येण्याचे तरी किती? "ए तो थई जशे," ते होऊन जाईल. दुसऱ्याने विचारलं, घरात कोणी भाई आहे का, त्यांच्याशी बोलतो. मी फोन ठेवला. एका ॲपवर सगळ्याचे भाव छापलेले होते, पंख्याचे, दिव्याचे, बेलचे, अर्थिंग नव्हतं. तिथल्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, अभी पंखे पे ऑफर चल रहा है." माझी मुलगी फ्रिजला चिकटेल म्हणून मी पंखा बसवून घ्यायचा होता.

शेवटचा बन्सीलाल. त्याने एका श्वासात, तुच्छतेने, न्यायाधीशाने शिक्षा वाचावी तसे आकडे वाचले. बघायला येण्याचे तीनशे, काम करा न करा. पंखा बसवायचे दीडशे. नवीन पॉइंट वायरसकट चारशेच्या पुढे. बटण बदलायचे शंभर, बटण तुमचं. अर्थिंगचं बघून, पण हजारांत जाईल, शेकड्यांत नाही. "जमता हो तो बोलो, नहीं तो टाइम मत खाओ." मला तो अजिबात आवडला नाही. पण आकडे सांगितले ते त्यानेच.

दुसऱ्या दिवशी सासूबाई इंदुबाईंबरोबर बाजारात गेल्यावर मी त्याला बोलावलं. गालात मावा, कानाला फोन, न विचारता सोफ्यावर बसला, आधी तीनशे मागून घेतले. मग स्वयंपाकघरातल्या बोर्डाचं झाकण काढलं आणि मान तिरकी करून आत बघत राहिला.

"ये दामाद ने किया है क्या?"

"तुम्हाला काय माहीत?"

"इस एरिया में दामाद ही करते हैं. नहीं तो साला. मेरा आधा धंधा उन लोगों के पीछे पीछे चलता है, भाभी."

त्याने फ्रिजला टेस्टर लावला. दिवा नाही. "कुछ नहीं है," तो म्हणाला आणि पिशवी उचलायला लागला. तीनशे तर मिळालेच होते.

"थांबा," मी म्हटलं. "हे फक्त सकाळी होतं. माझ्या मिस्टरांची अंघोळ होईपर्यंत."

त्याचं चघळणं थांबलं. "गीझर चालू करो."

मी ओवीला शेजारच्या खोलीत पाळण्यात बांधल्यासारखं ठेवून आले आणि गीझर लावला. त्याने परत टेस्टर टेकवला. लाल ठिपका लागला. फ्रिजवर लागला, वॉशिंग मशीनवर लागला, मिक्सरच्या बाजूच्या लोखंडी रॅकवर लागला. रोज सकाळी या सगळ्याच्या मधून माझी पोरगी दुडदुडत होती.

बन्सीलालने समजावलं ते इतकंच: गीझर आतून बिघडलाय, त्यातला करंट हिरव्या वायरीत उतरतो. हिरवी वायर जमिनीत गेलेली असली की तो तिथे जिरतो. तुमच्याकडे तो जिरत नाही, म्हणून घरभर हिंडतोय. "अब देखते हैं, दामादजी ने वायर कहाँ छोड़ा है."

मीटरच्या खालून वायर एका पांढऱ्या पाइपात शिरत होती. पाइप ओट्याच्या भिंतीच्या कडेने जात होता. आम्ही दोघं त्याच्या मागे मागे गेलो. पाइप तुळशीच्या कुंडीमागे, सासूबाईंनी नेसवलेल्या लाल चुनरीच्या आत नाहीसा झाला होता. बन्सीलालने चुनरी बाजूला केली आणि वायर ओढली. मातीचं ढेकूळ, हळद, कुंकू, दोन अक्षता आणि एक गंजका खिळा, असं सगळं एकदम वर आलं. वायरीचं टोक त्या खिळ्याला गुंडाळलेलं होतं.

"ये रहा आपका अर्थिंग," तो म्हणाला. "कुंडी के नीचे टाइल. ज़मीन तो देखी ही नहीं इसने."

म्हणून पाणी घालायचं. दिवसातून दोन-तीनदा.

"काय करस रे! तुळशीले हात लावस? जोडा घालीसन?" मागून आवाज आला. सासूबाई आणि इंदुबाई भाजीच्या पिशव्या घेऊन फाटकात उभ्या होत्या. बन्सीलालने खिळा वर धरला. मी सांगितलं काय ते, गीझरपासून चुनरीपर्यंत.

आधी इंदुबाईंना कळलं. त्यांनी तोंडावर पदर घेतला. "म्हंजे आपण इतके दिवस करंटला कुंकू वाहिलं की काय व माय! मी तर पोराच्या नोकरीचा नवस बोलले!" आणि त्या हसत सुटल्या, पिशवीतली वांगी घरंगळली तरी हसत होत्या.

सासूबाई ओट्यावर बसल्या. मी वाट बघत होते. आता तरी या बाई लाजतील, आता तरी जावयाला एखादा शब्द बोलतील. इंदुबाई गेल्यावर त्या अगदी हळू म्हणाल्या, "सुषमाले काय व्हई आते?"

"आई, ओवीचा हात तुम्हीच मातीला लावला होता."

"माले समजस ते." त्यांनी पदराने डोळे पुसले. "रातले झोप येस का माले? पन तू दारमा उभी ऱ्हाईसन तिना त्या दोन पिशव्या देखेल शेत ना?"

मी पाहिल्या होत्या. आणि त्याचाही मला राग आला.

बन्सीलालला या सगळ्याशी कर्तव्य नव्हतं. मागच्या बाजूला खड्डा, तांब्याचा रॉड, पावडर, करंट गळला की आपोआप बंद होणारा ब्रेकर, गीझरचं एलिमेंट, मजुरी. "नौ हज़ार. माल मेरा."

नऊ हजार ऐकल्याबरोबर सासूबाईंचे डोळे कोरडे झाले. त्या उठल्या आणि त्यांनी असा भाव केला की बन्सीलालला मावा थुंकून यावं लागलं. आठवर आणला. मग त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सुषमाताईंना लावला.

"सुषमा, जवाईबापूस्ले सांग, त्यास्नी सांगेल माणूस येल शे बरं. हां, त्यास्नीच ते सांगं व्हतं, अर्थिंगनं काम आते चांगला माणूसकडथून पक्कं करी ल्या म्हनीसन. नही नही, तो माणूस बी म्हने, पहिलं काम एक नंबर शे."

मी आ वासून बघत होते. असलं कोणी काही म्हणालं नव्हतं. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "तू गप ऱ्हाय. काम व्हवा दे."

दुसऱ्या दिवशी काम झालं आणि ते बघायला साक्षात भाऊजी अर्धी रजा टाकून आले. मनगटावर आम्हीच दिलेलं घड्याळ. कमरेवर हात ठेवून खड्ड्याच्या काठावर उभे. "हां, इथंच. अजून डीप घे. वहिनी, मी म्हटलं होतं ना, थंडीत जमीन सुकते, अर्थिंग डीप पाहिजे."

"तुम्ही हिमोग्लोबिन म्हणाला होता," मी म्हटलं.

"जयश्री, शिरा ढवळ, लागी ऱ्हायना," सासूबाई आतून ओरडल्या. शिरा भाऊजींसाठी होता. खड्डा खणणाऱ्या बन्सीलालला काचेच्या ग्लासात चहा.

कुंदनही लवकर आला होता. तो दाजींच्या शेजारी तसेच कमरेवर हात ठेवून उभा राहिला. दोन शहाणी माणसं एका खड्ड्याकडे बघत होती आणि मध्येच मान डोलावत होती.

संध्याकाळी बन्सीलाल पैशासाठी मागच्या दारी आला. मी आठ हजार मोजून पुढे केले.

"साढ़े आठ, भाभी."

"आठ ठरलेत."

"आठ मेरा. पाँच सौ साहब का." त्याने हनुवटीने आत खूण केली. "गेट पे मुझे पकड़ के बोले, मैंने तुमको भेजा है, मेरा क्या? मैंने आपको पहले देखा भी नहीं, बोला मैंने. बोले, घर में पूछ लो."

मी आत बघितलं. भाऊजी शिऱ्यातले काजू वेचून खात होते. सासूबाई त्यांना आग्रह करत होत्या. ज्याला कामाचे पैसे देणं म्हणजे अपमान, तो माणूस दुसऱ्याच्या कामाचे पैसे मागत होता, आणि त्यात त्याचा अपमान होत नव्हता.

"नहीं देना तो मत दो," बन्सीलाल म्हणाला. त्याला मजा वाटत होती. "मैं बोल दूँगा, भाभी ने मना किया."

भाभीने मना केलं की काय होतं? भाऊजी ताट सारून उठतात आणि दोन पिशव्या येतात. ते पाचशे रुपये सुषमाताईंना इथे आणून न टाकण्याचे होते.

"आधी मला परत दाखवा," मी म्हटलं.

मी गीझर लावायला सांगितला. ब्रेकर तपासायचं छोटं बटण दाबायला लावलं. घर खटकन अंधारलं, आतून कुंदन "काय झालं, काय झालं" ओरडला. परत लावलं. त्याने फ्रिजला टेस्टर टेकवला, मशीनला टेकवला, रॅकला टेकवला. ठिपका लागला नाही. बन्सीलाल कंटाळला तरी मी सोडलं नाही. मग मी हात ओले केले आणि अनवाणी उभी राहून फ्रिजच्या दारावर दोन्ही तळवे ठेवले. गार पत्रा, बाकी काही नाही.

साडेआठ हजार दिले. बन्सीलालने नोटा थुंकी लावून मोजल्या, वरची एक वेगळ्या खिशात घातली आणि पुढच्या दाराने गेला, भाऊजींना भेटून.

भाऊजींना सासूबाईंनी टॉवेल-टोपी केली. इतका भरवशाचा माणूस पाठवला म्हणून.

ते गेल्यावर कुंदन पाय पसरून बसला. "दाजींनी माणूस मात्र चांगला दिला हं," तो म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. चेष्टा करतो आहे असं वाटलं होतं. नव्हता करत.

ओवी माझ्या कडेवर वळवळत होती. मी तिला खाली सोडलं. ती सरळ फ्रिजकडे गेली, दाराला लोंबकळली, दार उघडलं आणि आतल्या उजेडात डोकं घालून दुधाच्या पिशव्यांशी काहीतरी बोलायला लागली.

"अगं, दार लाव ते," कुंदन मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "केवढं बिल येतं."

मी लावलं नाही.